मॅसिडोनियन शिकायची आहे? इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी सोबत घ्या

उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत, राहायला येऊन महिना झाला असेल-नसेल, तेव्हाची गोष्ट. घरमालकीणबाईंनी कॉफीला खाली बोलावलं आणि लग्नाचा जुना अल्बम उघडून बसल्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला तेव्हा त्यांची भाषा येत नव्हती. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून त्या सांगत होत्या. काळ्या टोपीतला म्हातारा, 'स्वेकोर'. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली बाई, 'स्वेक्र्वा'. मिशीवाला तरुण, 'देवेर'. मग अलीकडचा एक रंगीत फोटो, त्यात मुलाची बायको, 'स्नाआ'. सासरा, सासू, दीर, सून. श्वशुर, श्वश्रू, देवर, स्नुषा! शाळेतल्या संस्कृतचा इतका रोकडा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच होत होता.

त्याआधीचा सगळा महिना मी इंग्रजी पुस्तकावरून घासत होते. दीर, मेहुणा, साडू अशा सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळणाऱ्या भाषेतून, प्रत्येकाला वेगळं नाव देणाऱ्या भाषेकडे जात होते. (साडूला इथे 'बाजानाक' म्हणतात. हा शब्द तुर्कीतून आलेला.) त्या दिवशी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून मराठीतून पुन्हा सुरुवात केली. नोकरीमुळे, लग्नामुळे, शिक्षणासाठी किंवा निव्वळ हौसेने ही भाषा शिकणाऱ्यांचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मी भाषातज्ज्ञ नाही, साताऱ्याहून इथे येऊन पडलेली एक शिकाऊ बाई आहे. शब्द देवनागरीत लिहिले आहेत, तेव्हा उच्चार अंदाजानेच धरा.

सोबत काय हवं

- एक दोन रकान्यांची वही. डावीकडे मॅसिडोनियन, उजवीकडे मराठी. तिसरा रकाना आखू नका.
- मोबाईलवर 'मॅसिडोनियन' नावाचाच कीबोर्ड. रशियन टाकून चालणार नाही, त्यात इथली खास अक्षरंच नसतात.
- मॅसिडोनियन भाषेचा डिजिटल शब्दकोश. इंटरनेटवर फुकट आहे.
- सरकारी रेडिओच्या बातम्या. समजल्या नाहीत तरी रोज दहा मिनिटं कानावरून जाऊ द्या.
- एक जिवंत माणूस, शक्यतो साठीच्या पुढचा. तरुण लगेच इंग्रजीत शिरतात, म्हाताऱ्यांकडे तो पर्याय नसतो.

मोबाईलवरच्या भाषांतरावर फार विसंबू नका. मराठीतून मॅसिडोनियनमध्ये जाताना ते बहुतेकदा इंग्रजीच्या वाटेने जातं आणि त्या वाटेत 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक गळून पडतो. इथे तो फरक जिवंत आहे. 'ति' म्हणजे तू, 'विए' म्हणजे तुम्ही. घरमालकिणीला 'ति' म्हटलं तर त्या रागावणार नाहीत, पण लक्षात ठेवतील.

१. आधी घराणं ओळखा

स्लाव भाषांच्या तीन शाखा आहेत. पूर्वेला रशियन, युक्रेनियन, बेलारूसी. पश्चिमेला पोलिश, चेक, स्लोव्हाक. दक्षिणेला स्लोव्हेनियन, क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन, माँटेनेग्रिन, बल्गेरियन आणि आपली मॅसिडोनियन. दक्षिण शाखेत मॅसिडोनियनची सख्खी बहीण बल्गेरियन, आणि सर्बियन चुलत बहीण. हे नातं पाठ करण्यापेक्षा दोन शब्दांवर ऐका. रात्रीला मॅसिडोनियनमध्ये 'नोक्य', बल्गेरियनमध्ये 'नोश्त', सर्बियनमध्ये मऊ च असलेलं 'नोच', रशियनमध्ये 'नोच्', पोलिश आणि चेकमध्ये 'नोत्स'. संस्कृतातलं 'नक्त' आठवा. हाताला मॅसिडोनियनमध्ये 'राका', सर्बियन आणि रशियनमध्ये 'रुका', पोलिशमध्ये नाकातून 'रेंका'. एखादी स्लाव भाषा कानावर पडली आणि ओळखता आली नाही, तर मी अजूनही 'रात्र'ला काय म्हणता, असं विचारते.

वरच्या पिढीत आपली आणि यांची भाषाकुळं एकच, इंडो-युरोपीय. शंभरला इथे 'स्तो', आपल्याकडे शत. दहाला 'देसेत'. मधाला 'मेद', आगीला 'ओगन', जिवंतला 'झिव', त्यातला झ टेलिव्हिजनमधल्या ज-सारखा. पण या साम्याने चढून जाऊ नका. पहिल्या आठवड्यात मजा येते, दुसऱ्या आठवड्यात कळतं की भाजी विकत घ्यायला 'नक्त' आणि 'अग्नी' कामाला येत नाहीत.

एक गैरसमज इथेच मिटवते. भारतातून कुणाचाही फोन आला की 'म्हणजे सिकंदराची भाषा का?' असं विचारतात. नाही. सिकंदराच्या काळी तिथे जे बोललं जायचं ते ग्रीकच्या गोतावळ्यातलं. स्लाव लोक बाल्कनमध्ये आले ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकात, म्हणजे सिकंदर जाऊन हजारभर वर्षं झाल्यावर.

२. लिपी: चार दिवस द्या, जास्त नको

लिपी सिरिलिक, अक्षरं ३१. सर्बियनमध्ये ३०, रशियनमध्ये ३३. एक अक्षर, एक ध्वनी. स्वर फक्त पाच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घ नाही! शुद्धलेखनाच्या पहिल्या-दुसऱ्या वेलांटीने ज्यांचं बालपण नासवलं त्यांनी इथे मोकळा श्वास घ्यावा.

खरा घोटाळा इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा आहे. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र'. 'सी' म्हणजे 'स'. 'एच' म्हणजे 'न'. 'बी' म्हणजे 'व'. 'एक्स' म्हणजे घशातला 'ह'. 'वाय' म्हणजे 'उ'. त्यामुळे नवखा माणूस 'रेस्तोरान'ची पाटी 'पेक्टोपाह' अशी वाचतो. मीही वाचली होती. उपाय एकच: पहिल्या दिवशी ही सहा फसवी अक्षरं घ्या, दुसऱ्या दिवशी उरलेली साधी, तिसऱ्या दिवशी या भाषेची खास, आणि चौथ्या दिवशी घराबाहेर पडून फक्त पाट्या वाचा. अर्थ बघू नका.

खास अक्षरांपैकी तीन तर या भाषेची ओळखच आहेत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'क', म्हणजे 'क्य'. तशीच रेघ असलेला 'ग', म्हणजे 'ग्य'. आणि हुबेहूब इंग्रजी 'एस'सारखं दिसणारं एक, त्याचा उच्चार 'द्झ'. मॅसिडोनियन कीबोर्डवर हे 'द्झ' इंग्रजी 'वाय'च्या बटणावर बसलंय. मी ते आठवडाभर 'एस'च्या बटणावर शोधत होते.

इतिहास थोडक्यात. नवव्या शतकात थेसालोनिकीच्या किरिल आणि मेथोदी या भावांनी स्लाव भाषेसाठी पहिली लिपी घडवली, ती ग्लागोलित्सा. सिरिलिक तिच्या नंतरची. तिला किरिलचं नाव असलं तरी ती शिष्यपरंपरेत तयार झाली. त्यांचे शिष्य क्लिमेंत आणि नाउम ओह्रिद सरोवराकाठी येऊन शिकवू लागले. म्हणून २४ मे, किरिल-मेथोदींचा दिवस, इथे सुट्टीचा. आजची वर्णमाला मात्र ताजी आहे. २ ऑगस्ट १९४४ ला ही भाषा अधिकृत ठरली, मे १९४५ मध्ये वर्णमाला ठरली आणि जूनमध्ये शुद्धलेखन. पुढे ब्लाझे कोनेस्की यांनी व्याकरण लिहिलं. त्याही आधी, १९०३ मध्ये, क्र्स्ते मिसिर्कोव यांनी मध्य भागातल्या बोलींवर प्रमाणभाषा उभी करा, असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे आपल्या आजीच्या वयाचे लोक ज्या शुद्धलेखनात लिहितात, ते त्यांच्याबरोबरच जन्मलेलं आहे.

३. उच्चार: इथे मराठी माणूस पुढे असतो

'चाक' म्हणा, मग 'चहा' म्हणा. जीभ दोनदा वेगळ्या जागी लागली ना? मॅसिडोनियनमध्ये या दोन च-ना दोन वेगळी अक्षरं आहेत. 'त्सेन्तार' (शहराचा मध्य) यात चाकाचा च, 'चाय' यात चहाचा. तसंच 'जोर' आणि 'जेवण'. जोरातला ज म्हणजे ते 'एस'सारखं अक्षर: 'द्झिद' म्हणजे भिंत, 'द्झ्वेझ्दा' म्हणजे तारा. आमच्या वर्गात एक दिल्लीची मुलगी होती, तिला हा फरक पकडायला तीन आठवडे लागले. मला एक पाटी वाचायला लागतो तेवढाच वेळ लागला.

त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच. इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड लावू नका. ख, घ, थ, भ हे महाप्राण इथे नाहीत.

संस्कृतातला ऋ आपण मराठीत 'रु' करून टाकला, तो इथे अजून स्वर म्हणून ठणठणीत आहे. 'प्र्स्त' म्हणजे बोट, 'क्र्व' म्हणजे रक्त, 'द्र्वो' म्हणजे झाड किंवा लाकूड. मध्ये अ घुसवायचा नाही, र वरच टेकायचं.

सापळा: शब्दाच्या शेवटचं मृदू व्यंजन कठोर होतं. पाव म्हणजे 'लेब' असं लिहितात, पण ऐकू येतं 'लेप'. पुढे प्रत्यय लागला की ब परत येतो: 'लेबोत'. मी बेकरीत कितीतरी दिवस 'लेप द्या' असं ऐकत होते आणि मलाच वाटायचं की यांना मलम हवंय.

आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर (एक स्वर, एक अक्षर असं मोजा). 'माकेदोनिया'त तो 'दो'वर येतो. शब्द लांबला की आघात पुढे सरकतो. 'वोदेनिचार' म्हणजे पाणचक्कीवाला, आघात 'दे'वर. अनेकवचन 'वोदेनिचारि', आघात 'नि'वर. 'ते पाणचक्कीवाले' म्हणजे 'वोदेनिचारिते', आघात 'चा'वर. हा एक शब्द रोज पाच वेळा मोठ्याने म्हणा, नियम तोंडात बसतो. 'लितेरातुरा'सारखे परके शब्द नियम मोडतात ('तु'वर आघात), पण तेवढं पुढे आपोआप येतं.

४. तो, ती, ते

सर्वनामं बघा: 'तोय', 'ताआ', 'तोआ'. तो, ती, ते. अनेकवचनी 'तिए'. तिन्ही लिंगं इथे शाबूत आहेत आणि आपल्याकडेही. हिंदी माणसाला नपुंसकलिंग नव्याने शिकावं लागतं. आपल्याला फक्त सांभाळायचं असतं. मूल, कुत्रं, मांजर ही आपल्याकडे नपुंसक. इथेही 'देते' (मूल), 'कुचे' (कुत्रं), 'माचे' (मांजराचं पिल्लू) तिन्ही नपुंसक. 'कुचे' आणि 'कुत्रे' यांचं नातं कुणी मला विचारू नये, पण लक्षात ठेवायला बरं आहे.

सापळा मात्र याच गोडव्यात आहे. मराठीत आकारान्त म्हटलं की घोडा, आंबा, म्हणजे पुल्लिंग. इथे आकारान्त म्हणजे जवळजवळ नेहमी स्त्रीलिंग: 'क्निगा' (पुस्तक), 'वोदा' (पाणी), 'राका'. ओकारान्त आणि एकारान्त नपुंसक, व्यंजनान्त पुल्लिंग. नियम सोपा आहे, आड येतात ते आपले संस्कार. माझ्या तोंडून सहा महिने 'पुस्तक मोठा' निघत होतं.

नामाला विभक्ती नाही, हाक मारायचं संबोधन तेवढं उरलंय ('मायको!' म्हणजे 'आई गं!'). षष्ठी, चतुर्थी, सगळं 'ना' आणि 'ओद' अशा छोट्या शब्दांवर भागतं. सगळ्या स्लाव भाषांत एवढी सोय फक्त मॅसिडोनियन आणि बल्गेरियनमध्ये आहे.

त्याऐवजी आहे शेपूट. 'स्तोल' म्हणजे कुठलीतरी खुर्ची. 'स्तोलोत' म्हणजे ती, आपण बोलतोय ती खुर्ची. 'स्तोलोव' म्हणजे ही माझ्याजवळची. 'स्तोलोन' म्हणजे ती पलीकडची. स्त्रीलिंगात 'क्निगाता, क्निगावा, क्निगाना', नपुंसकात 'देतेतो, देतेवो, देतेनो'. त, व, न एवढं धरून ठेवा. बल्गेरियनमध्ये एकच त आहे, हे तीन इथलं वैशिष्ट्य. घरमालकीणबाई खिडकीशी उभ्या राहून अंगणातल्या मुलाबद्दल 'देतेनो' म्हणाल्या, की तो गेटपाशी आहे हे मला न बघता कळतं.

आणि एक खोड: ठरावीक वस्तू कर्म असली की तिचा उल्लेख दोनदा करायचा. 'या कुपिव क्निगाता', शब्दशः 'तिला घेतलं पुस्तकाला'. 'मु रेकोव ना तात्को मि', म्हणजे 'त्यांना सांगितलं बाबांना'. आपल्याकडे आज्या अशा बोलतात: 'त्याला सांगितलं मी बाळूला.' तोच सूर पकडा.

५. क्रियापद: शब्दकोशात कुठे शोधायचं?

'असणे' आधी पाठ करा: सुम, सि, ए, स्मे, स्ते, से. शेजारी अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति लिहून ठेवा. कुणीतरी आपलं पाठांतर ढापल्यासारखं वाटतं.

वर्तमानकाळात 'मी'चं रूप जवळजवळ प्रत्येक क्रियापदात 'आम'ने संपतं. 'झ्बोरुवाम' मी बोलते, 'पियाम' मी पिते, 'यादाम' मी जेवते. पण शब्दकोशात 'यादाम' शोधाल तर कपाळाला हात लावाल. या भाषेत 'खाणे, पिणे, जाणे' असं धातूचं साधं रूपच उरलेलं नाही. शब्दकोशात क्रियापद 'तो'च्या रूपात असतं: 'यादे', 'पिए', 'झ्बोरुवा'. 'मला जेवायचंय' म्हणायला 'साकाम दा यादाम', म्हणजे 'इच्छिते की मी जेवते'. भविष्यकाळाला पुढे 'क्ये' लावा: 'क्ये यादाम', जेवेन. नकाराला 'नेमा दा यादाम', जेवणार नाही. काम झालं.

'साकाम'बद्दल एक सूचना. 'साकाम काफे' म्हणजे कॉफी हवी. 'ते साकाम' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. कॉफी देणाऱ्याकडे पाहून शब्दांची अदलाबदल करू नका.

६. 'म्हणे': इथे पुस्तकं गोंधळतात, तुम्ही गोंधळू नका

'तो आला' आणि 'तो आला म्हणे' यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मॅसिडोनियन हा फरक क्रियापदातच करते. 'तोय दोय्दे': तो आला, मी पाहिलंय किंवा मला पक्कं ठाऊक आहे. 'तोय दोशोल': आला म्हणे. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. माझ्या वहीत एकच ओळ आहे: 'ल असेल तर म्हणे जोड.'

तेच रूप आश्चर्यालाही चालतं. मी एकदा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी दोन वाक्यं बोलले, तर ते म्हणाले, 'ति सि झ्नाएला माकेदोन्स्कि!' तुला तर मॅसिडोनियन येतं की! आपण 'हा तर श्रीमंत निघाला' म्हणतो त्यातला 'निघाला'.

या रूपातला ल आपल्या आला-गेला-केलामधल्या ल-सारखाच लिंगाप्रमाणे बदलतो. दोन्ही ल वेगवेगळ्या वाटांनी आलेत, कानाला मात्र जुळे वाटतात. 'दोशोल, दोश्ला, दोश्लो, दोश्ले'. आता नीट बघा: 'दोश्ला' म्हणजे ती आली. आपल्या 'आला'ची चाल लावली की शेजारच्या काकांना तुम्ही बाई करून टाकता. 'दोश्ले' म्हणजे ते सगळे आले, तिथे जुळतं.

'माझं खाऊन झालंय' हे 'इमाम यादेनो'. हे रूपही नपुंसकात, आपल्या 'झालंय'सारखंच, आणि कुणी जेवलं यावर बदलत नाही.

७. 'भरलं' की 'भरत होते': जिथे सगळे अडकतात

स्लाव भाषांची खरी कसोटी ही. जवळजवळ प्रत्येक क्रियेला दोन क्रियापदं असतात. एक क्रिया चालू असल्याचं किंवा पुन्हा पुन्हा होण्याचं, दुसरं ती पुरी होण्याचं. 'पिए' म्हणजे पितो, 'इस्पिए' म्हणजे पिऊन टाकतो. 'कुपुवा' म्हणजे विकत घेत असतो, 'कुपि' म्हणजे घेऊन टाकतो. मराठीतलं 'टाकणे' नेमकं तेच काम करत नाही, पण सुरुवातीला ते कुबडीसारखं चालतं.

लाईटबिलाचे पैसे देण्याचं क्रियापद घ्या. मी खिडकीवर पैसे भरून आले आणि घरमालकीणबाईंना ऐटीत सांगितलं, 'प्लाक्याव'. त्यांचा चेहरा पडला. त्यांना ऐकू आलं होतं 'भरत होते' किंवा 'भरायचे'. म्हणजे आता भरत नाही? त्यांनी पावती मागितली. म्हणायचं होतं 'प्लातिव', भरलं, संपलं. 'क्ये प्लाताम' म्हणजे भरेन, एकदाच. 'क्ये प्लाक्याम' म्हणजे भरत जाईन.

म्हणून वहीत क्रियापद कधीही एकटं लिहू नका. जोडी लिहा, आणि पुरी होणाऱ्या क्रियेपुढे टिंब काढा. पुरं दाखवणारं क्रियापद साध्या वर्तमानकाळात एकटं उभं राहत नाही, त्याला पुढे 'दा' किंवा 'क्ये' असं काहीतरी लागतं. 'इस्पियाम काफे' असं नुसतं वाक्य होत नाही. याला नियमांनी हात घालण्यात अर्थ नाही. वर्ष लागतं.

८. बाजारात उतरा

दुकानात शिरलात की 'पोवेलेते' ऐकू येईल. आपल्या दुकानदाराचं 'बोला, काय देऊ?' तेच. भाव विचारायला 'कोल्कु चिनि?' टोमॅटो हवे असतील तर 'एद्नो किलो दोमाति'. मग 'उश्ते नेश्तो?', आणखी काही? तुमचं उत्तर, 'सामो तोआ', एवढंच. पैसे 'देनारि'त. आभाराला 'ब्लागोदाराम', बाजारात मात्र सगळे 'फाला' म्हणतात. यापुढचं सगळं बोट दाखवून होतं.

स्कोप्ये १३९२ पासून १९१२ पर्यंत ओटोमन राजवटीत होतं. तुर्कीतून जे फारसी-अरबी शब्द इथे आले त्यातले कितीतरी आपल्याकडे दख्खनच्या सुलतानांबरोबर आले होते. 'दुक्यान' म्हणजे दुकान. 'पाझार' म्हणजे बाजार. 'दुश्मान' कळलाच. 'शिशे' म्हणजे बाटली, आपली शिशी. 'सापुन' साबण आणि 'शेक्येर' साखर हेही कानाला जुळतात, वाट वेगळी असली तरी. 'जिगेर' म्हणजे काळीज, खाटकाकडचं, शौर्याचं नव्हे. आणि गंमत म्हणजे काळं जिगेर म्हणजे यकृत, पांढरं जिगेर म्हणजे फुप्फुस. 'मुआबेत' ऐकून लाजू नका. मूळ शब्द मोहब्बतचाच, पण इथे त्याचा अर्थ निवांत गप्पा.

या शब्दांना घरगुती वास आहे. अर्जात, कचेरीत दुकानाला 'प्रोदाव्नित्सा' म्हणा, 'दुक्यान' नको.

'बाबा' म्हणजे इथे आजी. साताऱ्याहून फोन आला की मी 'हां बाबा, बोला बाबा' करत असे आणि फोन ठेवला की घरमालकीणबाई विचारायच्या, आजीची तब्येत कशी आहे? तीन महिने मी 'बरी आहे' सांगत होते. माझी आजी वारून बारा वर्षं झाली.

पुस्तकी भाषा आणि रस्त्यावरची भाषा यांत फरक आहे, त्याने खचू नका. प्रमाणभाषा वेलेस, प्रिलेप, बितोला या मध्य-पश्चिम भागातल्या बोलींवर बेतलेली आहे, राजधानीच्या बोलीवर नाही. स्कोप्येतली पोरं 'श्तो प्राविश' (काय करतोस) याचं 'शो प्राइश' करतात. शिका पुस्तकी, ऐका दोन्ही.

९. शेजारच्या भाषांत पाय टाकताना

मॅसिडोनियन आली की बल्गेरियन वर्तमानपत्र बऱ्यापैकी कळू लागतं आणि सर्बियन मालिका अर्धीमुर्धी. युगोस्लाव्हियाच्या काळात वाढलेल्या इथल्या लोकांना सर्बियन येतेच. पण ओळखीचे शब्द घात करतात. 'स्तोल' म्हणजे इथे खुर्ची, रशियनमध्ये टेबल. 'स्तोलित्सा' सर्बियनमध्ये खुर्ची, रशियनमध्ये राजधानी. 'झिवोत' म्हणजे इथे आयुष्य, रशियनमध्ये पोट. 'गोदिना' म्हणजे इथे वर्ष, युक्रेनियनमध्ये तास. रस्ता विचारलात आणि 'प्रावो' म्हणाले तर सरळ जा. रशियन शिकलेला माणूस उजवीकडे वळतो. उजवीकडे म्हणजे 'देस्नो'.

सगळ्यात मोठा सापळा व्याकरणात नाही. बल्गेरियात ही स्वतंत्र भाषा नसून बल्गेरियनचंच एक रूप आहे, अशी अधिकृत भूमिका दीर्घकाळ घेतली गेली आहे. २०२० मध्ये उत्तर मॅसिडोनियाची युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी याच भाषा-इतिहासाच्या वादात बल्गेरियाने अडवली. दुसरा वाद ग्रीसशी होता, देशाच्या नावाचा. २०१८ च्या प्रेस्पा कराराने तो मिटला आणि २०१९ पासून देश 'उत्तर मॅसिडोनिया' झाला. भाषेचं नाव मात्र त्या करारातही 'मॅसिडोनियन'च आहे. 'उत्तर मॅसिडोनियन भाषा' असं म्हणू नका, समोरचा दुखावतो.

मराठी आणि कोकणीचा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना यातली नस लगेच सापडेल. भाषा की बोली, यावर घराघरांत झालेली भांडणं, मग १९७५ ची साहित्य अकादमीची मान्यता, १९८७ चा गोव्याचा राजभाषा कायदा, १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात समावेश. दोन भाषा एकमेकींना समजतात एवढ्यावरून त्यातली एक दुसरीची बोली ठरत नाही, हे माझं मत. पण जेवणाच्या टेबलावर पाहुणीने मत मांडायचं नसतं. विषय निघाला की मी 'आय्वार' कसं करतात ते विचारते. भाजलेल्या लाल मिरच्यांची ही चटणी; तिच्यावर अर्धा तास सहज निघतो.

देशाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ३६ हजार निघाली. २०११ च्या जनगणनेतल्या ठाणे शहराएवढी. त्यातही अल्बेनियन बोलणारे मोठ्या संख्येने आहेत. स्कोप्येत जन्मलेल्या मदर तेरेसा अल्बेनियनच होत्या. जुन्या बाजारात काही गल्ल्यांत आधी अल्बेनियन ऐकू येईल, तेव्हा आपण सगळंच विसरलो असं वाटून घेऊ नका.

शिस्तीत शिकायचं असेल तर स्कोप्येच्या किरिल आणि मेथोदी विद्यापीठाचा परदेशी लोकांसाठीचा उन्हाळी भाषावर्ग ओह्रिदला भरतो. लिपी, 'असणे' आणि बाजार एवढं आधी करून जा, नाहीतर पहिले दिवस अक्षरं गिरवण्यात जातील. त्यानंतर सर्बियन घ्यायची असेल तर सात विभक्ती परत येतील. त्या वेळी रामः रामौ रामाः उपयोगी पडेल. त्याआधी मात्र 'प्लातिव' आणि 'प्लाक्याव' यांचा घोळ मिटवून घ्या. लाईटबिल दर महिन्याला येतं.